आधी कॅलेंडर, मग रँकिंग
मी प्रशिक्षक. मुलीला व्यावसायिक टेनिसमध्ये उतरवणाऱ्या पालकांना मी आधी कॅलेंडर उघडायला लावते. सुरुवात आयटीएफच्या (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघ) डब्ल्यू१५ म्हणजे महिलांच्या सर्वांत खालच्या स्तरावरच्या स्पर्धांनी करा. विजेतीला रँकिंगचे १५ गुण, त्यावरच्या डब्ल्यू३५ला ३५. अठरा वर्षांपर्यंत स्पर्धांच्या संख्येवर बंधन असतं, त्यामुळे घाई नकोच.

गुण ५२ आठवड्यांनी गळतात. गेल्या वर्षी जिंकलेल्या आठवड्यात रिकामं बसलात, तर रँकिंग घसरलंच म्हणून समजा. मोठ्या स्पर्धांत पहिल्याच फेरीत हरत फिरण्यापेक्षा छोट्या स्पर्धेत चार-पाच सामने खेळलेले मला चालतात.

रँकिंगमध्ये दोनशेच्या आसपास पोहोचल्यावर ग्रँड स्लॅमची पात्रता फेरी दिसू लागते. तिथे सलग तीन सामने जिंकायचे, मग मुख्य स्पर्धेत प्रवेश. एमा राडुकानू २०२१ मध्ये तिथूनच अमेरिकन ओपनमध्ये शिरली आणि एकही सेट न गमावता विजेती ठरली. (हे उदाहरण पालकांना मी जरा जपूनच सांगते.)