डीडीआर५ रॅमचा वेग वाढवताना: आधी प्रोफाइल, मग टायमिंग

खोक्यावर ६००० (वेग, सेकंदाला दशलक्ष डेटा-हस्तांतरणं) छापलेलं असलं तरी नवी डीडीआर५ रॅम सुरुवातीला ४८०० किंवा ५६०० वरच चालते. बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या सेटिंग्जमध्ये) जाऊन एक्सपो किंवा एक्सएमपी प्रोफाइल, म्हणजे रॅममध्ये आधीच भरलेली वेगवान सेटिंग्ज, चालू करा; निम्मं काम तिथेच होतं. त्याआधी महत्त्वाच्या फाइल्सचा बॅकअप घ्या, कारण चुका करणारी रॅम डिस्कवरचा डेटाही बिघडवते. दोनच स्टिक (रॅमच्या पट्ट्या) असतील तर बहुतेक बोर्डांवर त्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये हव्यात. चार स्टिक लावल्यावर हाच वेग मिळेल अशी आशा धरू नका.

नुसत्या मोठ्या आकड्याला भुलू नका. सीएलला (डेटा मागितल्यापासून मिळेपर्यंतचे घड्याळाचे ठोके) २००० ने गुणून वेगाने भागलं की विलंब नॅनोसेकंदांत मिळतो: ६००० सीएल३० म्हणजे १०, तर ६४०० सीएल३६ म्हणजे ११.२५. एएमडीच्या रायझन ७००० प्रोसेसरवर ६००० ठेवून मेमरी कंट्रोलर (प्रोसेसरमधला रॅम सांभाळणारा भाग) रॅमच्या घड्याळाबरोबर १:१ चालवणं उत्तम. एसओसी व्होल्टेज (प्रोसेसरच्या याच भागाला मिळणारं) १.३० व्होल्टच्या वर नेऊ नका.

खरी कमाई टीआरएफसी आणि टीआरइएफआय या दोन टायमिंगमध्ये (घड्याळाच्या ठोक्यांत मोजलेल्या वेळांमध्ये) आहे, आणि लोक नेमकी तीच ऑटोवर सोडतात. रॅमच्या पेशींमधला चार्ज सतत गळतो, म्हणून तो पुन्हा भरावा लागतो. भरताना वाचन-लेखन थांबतं. टीआरएफसी म्हणजे त्या थांब्याची लांबी, टीआरइएफआय म्हणजे दोन थांब्यांमधलं अंतर. १६ गिगाबिट चिपला ६००० वर प्रमाणित टीआरएफसी ८८५ येतो. हायनिक्स कंपनीची चिप असेल तर तो टप्प्याटप्प्याने ५०० पर्यंत आणून पाहा. टीआरइएफआय साधारण ११,७०० असतो, तो ५०,००० पर्यंत वाढवता येतो. एका वेळी एकच बदल करा, आणि तोवर बायोसमधलं मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोअर बंद ठेवा, म्हणजे प्रत्येक वेळी ट्रेनिंग (सुरू होताना रॅमशी जुळवून घेणं) नव्याने होईल. त्यामुळे स्क्रीन काही मिनिटं काळी राहू शकते. घाईने पॉवर बंद करू नका.

प्रत्येक बदलानंतर टेस्टमेम५ हा रॅम तपासणारा प्रोग्राम चालवा, शेवटी तसाच मेमटेस्ट८६ रात्रभर. एकही एरर चालत नाही. लगेच एरर आली तर टीआरएफसी वाढवा. तासाभराने, रॅम तापल्यावर आली तर टीआरइएफआय कमी करा, कारण गरम पेशींमधला चार्ज लवकर गळतो. टेस्ट पास होऊनही गेम क्रॅश होत असेल तर ग्राफिक्स कार्डची गरम हवा रॅमवर येतेय का ते पाहा: कार्डवर लोड देऊनच टेस्ट पुन्हा घ्या आणि एचडब्ल्यूइन्फो या तापमान दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये स्टिकचं तापमान ५५ अंशांखाली राहतंय का तपासा. बूटच होत नसेल तर सीमॉस क्लिअर करून (बायोसची सेटिंग्ज मूळ स्थितीत आणून) आधीच्या आकड्यावर या.