गाडीतल्या सेटसाठी एसडब्ल्यूआर मीटर घेताय? आधी त्याचा बँड बघा

गाडीत हॅम (हौशी रेडिओचा) सेट बसवलाय आणि आता एसडब्ल्यूआर मीटर, म्हणजे अँटेनाकडून किती पॉवर परत येते ते दाखवणारा, घ्यायचाय तर पहिले वॅट नाही, फ्रिक्वेन्सी रेंज वाचा, कारण १.८ ते ६० मेगाहर्ट्झवाला मीटर २ मीटर बँडवर, म्हणजे आपल्या १४४-१४६ मेगाहर्ट्झवर, सुई हलवतो खरा पण ते रीडिंग भरवशाचं नसतं. मी हीच चूक केली, स्वस्तात मिळाला म्हणून उचलला आणि इंदूरच्या उन्हात राजेंद्र नगरला घरासमोर गाडी लावून अर्धी दुपार चांगल्याभल्या अँटेनाची दांडी वरखाली करत बसलो, शेजारचे काका विचारतायत काय भिया, स्टेशन लागत नाही का 😄

मग स्केल. सेट ५० वॅटचा असेल तर ६० नाहीतर १०० वॅट फुल स्केलवाला घ्या, ४०० वाल्यात सुई कोपऱ्यातच पडून राहते. मला क्रॉस नीडल (एकमेकींना छेदणाऱ्या दोन सुयांचा) आवडतो, जाणारी आणि परतणारी पॉवर एकदम दिसते, दर वेळी कॅलिब्रेशनचा नॉब फिरवायला नको. पीईपी (पॉवरचं शिखर मोजायची सोय) फक्त एसएसबीवाल्यांनी, म्हणजे सिंगल साइडबँडवर बोलणाऱ्यांनी बघा.

एसडब्ल्यूआर १.५ आला की थांबा, ४ टक्केच पॉवर परत येते. मोजताना दारं-डिकी बंद ठेवा, आणि मीटर जमेल तेवढा अँटेनाजवळ लावा कारण लांब आरजी-५८ केबलचा लॉस एसडब्ल्यूआर आहे त्यापेक्षा चांगला दाखवतो. मीटरच्या मागे बहुतेक एसओ-२३९ सॉकेट असतं, तर त्यात बसणाऱ्या पीएल-२५९ प्लगवाली छोटी पॅच केबल पण सोबतच घेऊन टाका.