मुंबईच्या फोर्टमधल्या जुन्या इमारतींचे फोटो: या चुका टाळा

सकाळी नऊला ओव्हल मैदानावरून राजाबाई टॉवरचा फोटो काढला, की मनोरा काळपट आणि आभाळ पांढरंफटक येतं. दोष कॅमेऱ्याचा नसतो. मैदानाकडची ती बाजू पश्चिमेची आहे, त्यामुळे सकाळी सूर्य मनोऱ्याच्या पाठीमागे असतो. दुपारी चारनंतर जा. मैदानापलीकडची आर्ट डेको (1930-40 च्या दशकांतली शैली) इमारतींची रांग मात्र पूर्वेकडे तोंड करून उभी आहे. तिला सकाळचं कोवळं ऊन हवं. 2018 मध्ये दोन्ही बाजू एकत्रच युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्या, तरी फेऱ्या दोन कराव्या लागतात. सीएसएमटी (छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस) स्थानकाचा दर्शनी भागही पश्चिमेकडचाच, म्हणजे दुपारनंतरचा.

दुसरी तक्रार नेहमीची: इमारत मागे कलंडल्यासारखी दिसते. फोन वर उचलला की सेन्सर भिंतीला समांतर राहत नाही आणि उभ्या रेषा वर जाताना एकमेकींकडे झुकतात. ग्रिड (स्क्रीनवरच्या आडव्या-उभ्या रेषा) चालू करा, फोन उभा आणि अगदी सरळ धरा, मग मागे सरका. राजाबाई टॉवर सुमारे 85 मीटर उंच आहे. फोनच्या मुख्य कॅमेऱ्यात (लेन्सची फोकल लेन्ग्थ सुमारे 24 मिमी) न झुकता टोकापर्यंत मनोरा बसवायचा तर साधारण 120 मीटर अंतर लागतं. ओव्हलवर तेवढी जागा आहे. फ्रेमचा खालचा अर्धा भाग गवताने भरेल, तो नंतर कापा.

काळा घोड्याच्या गल्ल्यांत मागे सरकायला जागाच नसते. तिथे 0.5x (फोनची सर्वांत रुंद लेन्स) वापरून भिंतीला चिकटू नका, कडेच्या खिडक्या ताणल्या जातात. थोडा वर कललेला फोटो घ्या, पण चारही बाजूंना 15-20 टक्के जागा सोडा, कारण ॲपमध्ये रेषा सरळ करताना कडा कापल्या जातात. रेषा शंभर टक्के सरळ करू नका. इमारत वरून जड दिसू लागते. किंचित कल राहू द्या.

डेव्हिड ससून लायब्ररीचा मालाडचा दगड मुळात पिवळसर. तो रंगच त्या इमारतीचा जीव आहे आणि ऑटो व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्याने आपोआप केलेला रंगांचा समतोल) नेमका तोच फिका करतो. सेटिंग डेलाइटवर ठेवा.

सीएसएमटीची रोषणाई टिपायची तर सूर्यास्तानंतर 15 ते 25 मिनिटांत. नंतर आभाळ काळं पडतं आणि रंगीत दिव्यांखालचं कोरीवकाम एकरंगी डाग होऊन जातं. एक्स्पोजर एक स्टॉप कमी करा, म्हणजे प्रकाश निम्मा. हातात धरून काढताना आडवे पट्टे आले तर शटर 1/50 किंवा 1/100 ठेवा. आपली वीज 50 हर्ट्झची असल्याने दिव्यांची लुकलुक या वेगाशी जुळते. ट्रायपॉड असेल तर स्टॅबिलायझेशन (हात हलल्याचा परिणाम कमी करणारी सोय) बंद, दोन सेकंदांचा टायमर चालू, आणि शेजारून बस जात असेल तर ती पुढे जाईपर्यंत थांबा.

एसी टॅक्सीतून उतरल्या उतरल्या फोटो धुरकट येतात. थंड काचेवर दमट हवेचं पाणी जमतं. पुसलं तरी काच थंड असेपर्यंत पुन्हा जमतं. कॅमेरा बंद बॅगेतच 20-30 मिनिटं राहू द्या.