जुनी टर्बो गाडी पहिल्यांदाच घेताय? आधी ऑइलचं झाकण उघडा

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत माझं यंत्रमागाच्या सुट्या भागांचं दुकान आहे. दिवसभर बेअरिंग, बेल्ट, पिनियन हेच हातात. त्यामुळे आपल्याला मशीन कळतं असा माझा दांडगा गैरसमज होता. चार वर्षांपूर्वी पहिली जुनी टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारं यंत्र असलेली) गाडी घेतली आणि तो गैरसमज मला 1 लाख 38 हजारांना पडला. गाडीची किंमत वेगळी.

आधी स्वप्नाचा निकाल लावू. कॉलेजात असताना माझ्या खोलीच्या भिंतीवर ब्यूक जीएनएक्सचं चित्र होतं. 1987 ची अमेरिकन गाडी, काळी कुळकुळीत. तिकडे आठ सिलिंडरशिवाय कुणी बोलत नसताना हिचं इंजिन सहा सिलिंडरचं, 3.8 लिटरचं, वर टर्बो. कागदावर 276 अश्वशक्ती, आणि बनल्या फक्त 547. अशी गाडी परदेशातून आणायचं डोक्यात असेल तर काढून टाका. सेकंडहँड गाडी आयात करायची तर ती तीन वर्षांहून जुनी चालत नाही, आणि स्टिअरिंग उजवीकडेच लागतं. पन्नाशी ओलांडलेल्या व्हिंटेज गाड्यांचं शास्त्र निराळं, पण जीएनएक्स अजून चाळिशीच्याच घरात आहे.

आपल्या खिशाला झेपणारी त्या जातीची गाडी म्हणजे स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस. 2004 मध्ये ती आपल्याकडे आली. 1781 सीसीचं पेट्रोल इंजिन, दर सिलिंडरला पाच याप्रमाणे 20 व्हॉल्व्ह, टर्बो आणि 150 अश्वशक्ती. युरोपात हीच गाडी 180 ची होती, आपल्याला जरा सौम्य करून दिली. हिला मसल कार, म्हणजे दांडग्या इंजिनाची अमेरिकन गाडी, म्हटलं तर अमेरिकन माणूस हसेल. हसू दे. त्याला कुठं तुळजापूरचा घाट चढायचाय!

मी काय चूक केली ते ऐका. गाडी पुण्यात होती, एका जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याकडे. सोलापुरातून सकाळी निघालो, भिगवणला जेवलो, पोचायला चार वाजले. व्यापाऱ्याने गाडी धुऊन-पुसून, सुरू करून, एक चक्कर मारून तयार ठेवली होती. बॉनेटला हात लावला तर तापलेलं. मला वाटलं, काय आदर आहे गिऱ्हाइकाचा! इंजिन गरम असलं की निम्मे रोग झोपलेले असतात, हे तेव्हा माहीत नव्हतं. विसार दिला, आठवड्याने गाडी आणली, आणि दुसऱ्या महिन्यात मोहोळजवळ टेंपरेचरचा काटा वर गेला. वॉटर पंपाचा प्लॅस्टिकचा पंखा आतल्या आत तुटला होता. पंप बाहेरून ठणठणीत दिसत होता, आत पाणी फिरतच नव्हतं. या इंजिनात तो पंप टायमिंग बेल्टवरच (पिस्टन आणि व्हॉल्व्हची वेळ जुळवणारा पट्टा) चालतो, म्हणजे पंपाला हात लावायचा तर बेल्ट उतरवावाच लागतो. उतरवल्यावर कळलं की बेल्टही पहिलाच असावा, दातांच्या मुळाशी भेगा पडलेल्या. तो तुटला असता तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळले असते आणि मग 1 लाख 38 हजारांत काही भागलं नसतं.

म्हणून पहिला नियम: गाडी थंड बघायची. मालकाला आदल्या रात्री फोन करून सांगायचं, 'उद्या सहाला येतो, तोवर चालू करू नका.' जो कुरकुर करतो त्याच्याकडे जायचंच नाही.

गेल्या डिसेंबरात भाच्यासाठी अशीच एक गाडी बघायला विजापूर रोडला गेलो होतो. मालक निवृत्त माणूस, आतून चहाचा ट्रे घेऊन आले. मी आधी बॉनेटवर तळहात ठेवला. गार. मग डिपस्टिक काढून ऑइलची पातळी पाहिली आणि ऑइल भरायचं झाकण उघडून आत मोबाइलचा टॉर्च मारला. भाचा म्हणाला, 'मामा, झाकणात काय बघायलाय? गाडी बघ की.' त्याला म्हटलं, गाडी इथंच आहे. आत धातू दिसत असेल, त्यावर मधाच्या रंगाचा पातळ थर असेल तर ठीक. काळी, जेलीसारखी चिकट साय दिसली तर झाकण लावायचं, चहा प्यायचा आणि घरी यायचं. ती साय खाली तेलाच्या टाकीतल्या जाळीत जाऊन बसते, पंपाला तेल मिळत नाही, आणि सगळ्यात आधी मरतो तो टर्बो.

का, ते समजून घ्या, म्हणजे बाकीचं आपोआप सुचेल. इंजिनातून बाहेर पडणारा जळका वायू एक चक्र फिरवतो, त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबते. एवढाच खेळ. पण तो दांडा मिनिटाला लाखाच्यावर फेरे घेतो आणि तेलाच्या पातळ पापुद्र्यावर तरंगत राहतो. माझ्या दुकानातलं कुठलंही बेअरिंग त्या वेगाला दोन मिनिटं टिकणार नाही. त्यात एका बाजूला भट्टी. गाडी दामटून आणली आणि खाडकन बंद केली, की आतलं तेल जागच्या जागी जळून कोळसा होतं. टर्बोचं हे लाडावलेपण पहिल्यापासूनचं आहे. 1962 च्या ओल्डस्मोबिल जेटफायरला पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण वेगळ्या टाकीत भरावं लागायचं. लोक भरायचे विसरायचे. शेवटी कंपनीने टर्बो काढून साधा कार्बोरेटर बसवून द्यायची सोय केली.

तर चावी फिरवायची. ऑइल प्रेशरचा लाल दिवा लगेच विझला पाहिजे. भाच्याला मी सायलेन्सरमागे उभं केलं होतं. थंडीत पांढरी वाफ येणारच, ती दोन-चार मिनिटांत जाते. गेली नाही आणि गोडसर वास आला तर कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी) जळतंय. सुरू होताना निळा धूर आला तर व्हॉल्व्हचे सील गेलेत. मग गाडी तीन मिनिटं नुसती उभी ठेवून अॅक्सिलरेटर दाबा. आता निळा लोट आला तर संशय टर्बोच्या सीलवर घ्या. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त, नाहीतर हवेचा एखादा पाइप फाटलाय. वीस वर्षांच्या उष्णतेने यातले रबरी पाइप बिस्किटासारखे होतात, विशेषतः इंजिनाच्या मागच्या बाजूचे, जिथं नजर जात नाही. बोटांनी दाबून बघा.

कूलंटच्या बाटलीत गुलाबी-जांभळा रंग हवा. कुणीतरी गॅरेजात हिरवं ओतलेलं असेल तर दोन्ही मिळून तपकिरी चिखल होतो आणि रेडिएटर तुंबतो. सोलापूरच्या मे महिन्यात, बाहेर 43 अंश असताना, ही चेष्टा परवडत नाही.

मिस्त्री बरोबर न्या, आणि तो या इंजिनावर हात काळे केलेला असावा. गाव मोठं आहे, डिझेल ऑक्टाव्हिया खोललेले पुष्कळ भेटतील, पण 1.8 टर्बो खोललेला शोधावा लागतो. त्याच्याकडून टर्बोकडे जाणारा हवेचा पाइप काढून घ्या, आत बोट घालून दांडा हलवून बघा. आडवा किंचित हलला तर चालतो, कारण तेलाचा दाब नसताना तेवढी जागा असतेच. आत-बाहेर हलायला लागला तर टर्बो संपला. पंख्याची पाती मोजू नका, फक्त कडा बघा, एखादी चावल्यासारखी दिसते का. गाडीच्या कॉम्प्युटरमधले फॉल्ट वाचणारा स्कॅनरही लावायला सांगा. वीस वर्षांच्या गाडीत एकही फॉल्ट नाही असं आलं तर मला आनंद होत नाही, कुणीतरी सकाळीच पुसलेत असं वाटतं. वीस किलोमीटर चालवून पुन्हा लावायचा.

हे वीस किलोमीटर मी तुळजापूर रस्त्यालाच करतो. पहिले दहा गाडी हळू, तेल तापेपर्यंत. आमच्याकडे मागावर नवा धोटा टाकला की कारागीर रेडिओ बंद करतो, तसं गाणी बंद, काचा खाली, एसी बंद. मग मोकळा रस्ता बघून तिसऱ्या गिअरमध्ये 1,500 फेऱ्यांवरून पूर्ण दाबायचं. दोन हजारच्या आसपास पाठीला सीट लागली पाहिजे, आणि तो रेटा सलग वाढत गेला पाहिजे. मध्येच दचके बसले तर बहुतेक इग्निशन कॉइल (ठिणगीला वीज देणारी), या इंजिनाचं ते जुनं दुखणं, पण औषध स्वस्त. जोर येऊन एकदम कुणी गळा धरल्यासारखा गेला तर हवेच्या दाबाचा घोटाळा, मिस्त्रीला सांगा. नुसतीच शिट्टी वाढतेय आणि गाडी पळत नाही, तर पाइप सुटलाय. अॅम्ब्युलन्ससारखा चढता आवाज आला तर टर्बोच जायला लागलाय, हळूहळू परत फिरा. विजापूर रोडची गाडी कॉइलवर दचकली, बाकी स्वच्छ होती. मालकांकडे प्रत्येक ऑइल बदलल्याची पावती सुतळीत बांधलेली निघाली. भाच्याने तीच घेतली. मीटर एक लाख 12 हजार दाखवत होता आणि पावत्यांवरचे आकडेही त्याच्याशी जुळत होते. नाहीतर हल्ली मीटर मागे करायला अर्धा तास लागतो.

कागदांचं थोडक्यात. आरसीवर इंधन पेट्रोल आणि 1781 सीसी असलंच पाहिजे. 1896 दिसलं तर ती डिझेल आहे, 1984 दिसलं तर साधी दोन लिटर, आणि मागचा आरएस बिल्ला कुणीतरी बाजारातून आणून चिकटवलाय. चॅसिस नंबर स्वतःच्या डोळ्यांनी जुळवा. बँकेचा बोजा उतरलाय का बघा, उतरला नसेल तर फॉर्म 35 आणि बँकेचं पत्र हातात आल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. नावावर करायला 29 आणि 30 नंबरचे फॉर्म. गाडी दुसऱ्या आरटीओची असेल तर तिथली एनओसी, फॉर्म 28, मगच ती आपल्या एमएच 13 च्या दप्तरात येते. 15 वर्षांनंतरचं पुन्हा पासिंग झालंय का आणि पर्यावरण कर भरलाय का, हे विचारायला मी विसरलो होतो आणि दंडासकट मीच भरलं. 1 एप्रिल 2022 पासून मोटारीच्या या नूतनीकरणाचं शुल्क 600 चं 5,000 झालंय, वीस वर्षं ओलांडलेल्या गाडीला त्याहून जास्त. विमा 14 दिवसांत आपल्या नावावर करून घ्या.

पैशांचं गणित असं: जेवढी रक्कम खिशात आहे तिचे तीन भाग करा, दोन भागांचीच गाडी घ्या. तिसरा भाग पहिल्या महिन्यात जाणार आहे. गाडी आणली की फिरायला न नेता थेट मिस्त्रीकडे. टायमिंग बेल्ट, त्याचा टेन्शनर आणि धातूच्या पंख्याचा वॉटर पंप एकत्रच बदला, जुन्या मालकाने 'आत्ताच केलाय' म्हटलं तरी, पावती नसेल तर. ऑइल पूर्ण सिंथेटिक, 5डब्ल्यू-40, डब्यावर व्हीडब्ल्यू 502 00 लिहिलेलं. मी ते सात हजार किलोमीटरला बदलतो, मिस्त्री मला वेडा म्हणतो. तेलाची खालची टाकी एकदा उतरवून जाळी साफ करून घ्या. पेट्रोलचे जुने रबरी पाइपही बदला: आता पंपावर 20 टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं, आणि ही गाडी त्या पेट्रोलसाठी बनलेली नाही. आपल्याच जिल्ह्याच्या उसाचं इथेनॉल आपल्याच गाडीचे पाइप खातंय, आता तक्रार कुणाकडे करणार?

सुटे भाग सोलापुरात हातोहात मिळतील ही आशा ठेवू नका. माझे पुण्याहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या पार्सलने येतात, पहाटे स्टॉपवर जाऊन उभं राहायचं. त्यामुळे ही गाडी घरातली एकमेव गाडी नको. माझ्याकडे दुकानाला जायला स्कूटर आहे, ती कधी तक्रार करत नाही.

आणि गाडी घरी आणल्यावर लगेच बंद करायची नाही. घाट उतरून, हायवेवरून आलात तर गल्लीत शिरल्यावर मिनिट-दोन मिनिटं इंजिन चालू ठेवून बसायचं. आमच्या समोरच्या काकू पहिले सहा महिने गॅलरीतून बघायच्या. एकदा खाली येऊन त्यांनी काचेवर टकटक केलं, 'काय रे, घरात भांडण झालंय का?'