फ्लाइट सिम्युलेटरचं ॲड-ऑन बनवताय? या चुका टाळा

"कम्युनिटी फोल्डरमध्ये टाकलं भाऊ, पण दिसूनच नाही राहिलं." मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर २०२४ (पुढे नुसतं ‘सिम’) या विमान उडवायच्या गेमसाठी ॲड-ऑन, म्हणजे जादा विमानतळ किंवा विमान, करायला बसलेल्या नव्या पोरांचा पहिला प्रश्न बहुधा हाच असतो. कम्युनिटी म्हणजे बाहेरची ॲड-ऑन ज्यात टाकतात तो सिमचा फोल्डर. कारणही बहुधा एकच निघतं: बांधून तयार झालेल्या पॅकेजमध्ये, म्हणजे ॲड-ऑनच्या तयार फोल्डरमध्ये, हात घातलेला असतो.

समजा, अमरावतीजवळच्या बेलोऱ्याचा विमानतळ करताय. अमरावतीहून एप्रिल २०२५ मध्ये प्रवासी विमान सुरू झालं, तेव्हा ही हौस साहजिक आहे. टर्मिनलची भिंत जरा जास्तच पांढरी दिसते. प्रोजेक्ट उघडून पुन्हा बिल्ड (मूळ फाइलींतून पॅकेज तयार) कोण करत बसेल, म्हणून गडी थेट कम्युनिटीतल्या पॅकेजमध्ये नवं टेक्श्चर, म्हणजे पृष्ठभागावर चढवायचं चित्र, नव्या नावाने टाकतो. ते दिसत नाही, कारण लेआउट.जेसन या फाइलमध्ये पॅकेजमधल्या प्रत्येक फाइलचा मार्ग, आकार आणि तारीख लिहिलेली असते. त्या यादीत जी फाइल नाही, ती सिमच्या लेखी नाहीच. मग कोणीतरी यादी नव्याने लिहून देणारं टूल सुचवतं. भिंत सुधारते, गडी खूश. दोन दिवसांनी टॅक्सीवे सरळ करायला तो प्रोजेक्ट एडिटरमधून बिल्ड करतो आणि भिंत पुन्हा पांढरीफटक. होणारच, पॅकेजसोर्सेस या मूळ फाइलींच्या फोल्डरमध्ये ती दुरुस्ती कधी गेलीच नव्हती.

खरा घोळ याच्या पुढे आहे. डेव्ह मोडमध्ये, म्हणजे ॲड-ऑन बनवणाऱ्यांसाठीच्या मोडमध्ये, प्रोजेक्ट उघडला की त्याचं बिल्ड झालेलं पॅकेज सिम आपोआप चढवतो. कम्युनिटीत जुनी प्रत तशीच पडलेली असेल तर एकाच विमानतळाच्या दोन प्रती समोरासमोर येतात. टॅक्सीवे सरकवला तरी जुनाच दिसतो, कधी टर्मिनलमध्ये टर्मिनल घुसलेलं. गडी तीन रात्री पॉलिगॉन हलवत बसतो आणि शेवटी अख्खा सिम काढून पुन्हा उतरवतो. गावात मोबाइलच्या डेटावर ते काम म्हणजे आठवडा गेला, राजेहो. दोष सिमचा नव्हताच.

यावर सवय एकच लावायची. दुरुस्ती फक्त पॅकेजसोर्सेसमध्ये करायची. प्रोजेक्ट उघडण्याआधी कम्युनिटीतली प्रत बाहेर काढून ठेवायची. संशय आला की बिल्डमधून तयार झालेले पॅकेजेस आणि _पॅकेजइंट हे दोन्ही फोल्डर पुसून पुन्हा बिल्ड. बिल्ड चालू असताना लाइट गेली असेल तर हे न विचारता करायचं. अर्धवट लिहिलेली फाइल शोधत बसण्यात अर्थ नाही. इतरांना वाटण्याआधी मात्र प्रोजेक्ट बंद करून, तयार पॅकेज कम्युनिटीत टाकून, सिम नव्याने सुरू करून बघायचं, कारण वापरणारा तसंच वापरणार आहे. यादी लिहिणारी टूल्स वाईट नाहीत, पण ती दुसऱ्याच्या फ्रीवेअरमध्ये, म्हणजे फुकट मिळणाऱ्या ॲड-ऑनमध्ये, एखादी फाइल बदलायला ठीक. स्वतःच्या प्रोजेक्टवर ती चालवणं म्हणजे सातबाऱ्याच्या उताऱ्यावर खाडाखोड करून शेत मोजल्यासारखं आहे.

बाकीच्या काही चुका थोडक्यात.

पॅकेजची ओळख सांगणाऱ्या मॅनिफेस्ट.जेसनमध्ये शेवटच्या ओळीनंतर स्वल्पविराम राहिला की पॅकेज गेलं. फोल्डरांची नावं इंग्रजी लहान अक्षरांत, मधे जागा न सोडता ठेवा. प्रोजेक्ट डेस्कटॉपवर फोल्डरात फोल्डर करून ठेवू नका. विंडोजची २६० अक्षरांची मर्यादा कधी ओलांडली ते कळतही नाही. ड्राइव्हच्या मुळाशी दोन अक्षरांचा फोल्डर करा. सिम कोसळल्यावर पुढच्या वेळी सेफ मोड विचारतो, तो घेतला असेल तर कम्युनिटीतलं काहीच चढत नाही. आधी ते आठवा, मग रडा.

उंची मीटरमध्ये आहे की फुटांत, हे दर वेळी बघा. नागपूरची १०३३ फूट म्हणजे ३१५ मीटर. मीटरच्या चौकटीत १०३३ लिहिलं की धावपट्टी सातशे मीटर वर अधांतरी.

जिनिंगच्या शेडच्या विटांच्या फटी खोल दिसण्याऐवजी उठून दिसत असतील तर नॉर्मल मॅप (उठाव-खोली दाखवणारं टेक्श्चर) ओपनजीएल पद्धतीचा आहे. सिमला डायरेक्टएक्स पद्धतीचा लागतो. हिरवं चॅनल उलटं करा, झालं. आणि त्या शेडला ४०९६ पिक्सेलचं टेक्श्चर कशाला? लांबून दिसणाऱ्या कमी तपशिलाच्या आवृत्त्या, म्हणजे एलओडी, न करता फ्रेम रेट पडतो म्हणून ओरडायचं, हा आळस आहे. फ्रेम रेट मोजायचाच तर वेळ सारखी ठेवा. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात दुपारी पारा ४५ च्या वर असतो, तेव्हा ग्राफिक्स कार्ड तापून स्वतःच वेग कमी करतं. दुपारचा आकडा आणि रात्रीचा आकडा यांची तुलना होत नाही. तसंच नेट मंद असलं की जमीन धुरकट दिसते, तो तुमच्या टेक्श्चरचा दोष नसतो. या सिमला किमान १० आणि शिफारस म्हणून ५० एमबीपीएस लागतं.

आता सिमकनेक्ट, म्हणजे बाहेरच्या प्रोग्रामने सिमशी बोलायची सोय. बाहेरचा प्रोग्राम लिहून सिममधून आकडे वाचणाऱ्यांची ही हमखास चूक. प्रोग्राम अक्षांश, रेखांश आणि उंची वाचतो, तिन्ही ८ बाइटचे डबल, म्हणजे दशांश संख्या. महिनाभर छान चालतं. मग विमान जमिनीवर आहे का, हे हवं म्हणून स्ट्रक्टच्या, म्हणजे हे आकडे एकत्र ठेवणाऱ्या गठ्ठ्याच्या, सुरुवातीला ४ बाइटचा पूर्णांक घातला जातो. त्या क्षणापासून पहिला आकडा बरोबर आणि पुढचे सगळे वेडेवाकडे. पोरगं एककं बदलून बघतं, एसडीके (ॲड-ऑन बनवायची साधनं) पुन्हा टाकतं, अपडेटला शिव्या देतं. प्रत्यक्षात सिम पाठवतो सलग २८ बाइट, आणि कंपायलरने पूर्णांकामागे ४ बाइटची रिकामी जागा सोडून स्ट्रक्ट ३२ चं केलेलं असतं. स्ट्रक्टचा आकार छापून बघितला तर अर्ध्या मिनिटात कळतं, पण छापून बघायला धीर लागतो.

ती रिकामी जागा राहू नये म्हणून सी++ मध्ये पॅकिंग १ करा, सी शार्पमध्ये स्ट्रक्टलेआउट सीक्वेन्शियल आणि पॅक १. त्याहून सोपी सवय म्हणजे हो-नाही धरून सगळंच डबलमध्ये मागवणं; सिमकनेक्टचा मूळ प्रकार तोच आहे. चार बाइट वाचवून कोणाचा बंगला झाला नाही. सिमकडे आकडे मागवायच्या व्याख्येत चलं ज्या क्रमाने जोडली, त्याच क्रमाने स्ट्रक्टमध्ये हवीत, हे वेगळं सांगायला नको, तरी सांगावं लागतं.

तपासायला नागपूरच्या एप्रनवर, म्हणजे विमानं उभी राहतात त्या जागी, विमान उभं करा. अक्षांश २१.०९ आणि रेखांश ७९.०५ च्या आसपास यायला हवा. अक्षांश ०.३६८ आला तर डेटा बरोबर आहे, फक्त तो रेडियनमध्ये मागवलाय. प्रत्येक फ्रेमला मागणी लावू नका. नकाशावर ठिपका हलवायला सेकंदाला एकदा पुरतं.

शेवटी फ्लाइट सिम्युलेटर २०२० मधून आलेल्यांसाठी. जुनं पॅकेज २०२४ मध्ये उघडलं म्हणून ते २०२४ चं झालं नाही. विमानतळ बरेचदा तसाच चालतो, विमानाचं तसं नाही. २०२४ मध्ये मूळ विमानं नेटवरून प्रवाहित होतात, त्यामुळे त्यांच्या फाइली कॉपी करून विमानाची रंगसंगती (लिव्हरी) बनवायचा जुना मार्ग इथे अडतो. वॅझम मॉड्यूल, म्हणजे सिमच्या आत चालणारा कोड, नव्या एसडीकेने पुन्हा कंपाइल करा. आणि रंगसंगतीच्या पॅकेजमध्ये मूळ विमानाची पॅनेल.सीएफजी, म्हणजे कॉकपिटच्या पडद्यांची फाइल, कोंबू नका. विमानाचं अपडेट येतं, तुमची जुनी पॅनेल फाइल नवीवर बसते आणि पडदे काळे पडतात. त्यानंतर शिव्या विमान बनवणाऱ्याला बसतात.