फेलोशिपचा अर्ज कॅटलॉगपासून सुरू करा

दुर्मिळ ग्रंथ आणि हस्तलिखितांच्या ग्रंथालयात महिनाभर काम करता यावं म्हणून मी फेलोशिपसाठी, म्हणजे संशोधनाच्या खर्चासाठी मिळणाऱ्या मदतीसाठी, केलेला पहिला अर्ज नामंजूर झाला. विषय चांगला होता, शिफारसपत्रंही भक्कम होती. पण मी मागितलेलं बहुतेक साहित्य त्याच ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर स्कॅन करून ठेवलेलं होतं. मग खर्च करून मला बोलवायचं कशाला?

आता मी अर्जाला हात घालण्याआधी आठ-पंधरा दिवस नुसता कॅटलॉग धुंडाळते. पत्रव्यवहार, टिपणं, मसुदे यांची पेटी आणि फोल्डरनिहाय यादी असते, ती शेवटपर्यंत वाचा. ‘संकीर्ण’ लिहिलेली पेटी तर मुळीच वगळू नका. हवी ती प्रत स्कॅन झाली आहे का, दुरुस्तीला काढली आहे का, वाचकांना पाहायला मिळते का, हे क्युरेटरला आधीच विचारा. मोघम पत्राला उत्तरही मोघमच येतं. पेटी आणि फोल्डरचा क्रमांक देऊन विचारा.

अर्जातला कळीचा परिच्छेद एकच : मूळ प्रतच का हवी? अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या बायनेकी ग्रंथालयातलं, अजून कुणाला न उलगडलेल्या लिपीतलं व्हॉइनिच हस्तलिखित घरबसल्या पानन् पान पाहता येतं. पण त्याचं चर्मपत्र १४०४ ते १४३८ या काळातलं आहे, हे कळलं ते त्याच्या बारीक तुकड्यांच्या कार्बन-चाचणीतून. स्कॅनमधून जे कळणार नाही, तेच अर्जात मांडायचं. दुसऱ्या अर्जात मी लिहिलं, की एका मसुद्यातली चार पानं नंतर घुसडलेली आहेत का, हे मला जलचिन्हांवरून, म्हणजे कागद उजेडासमोर धरला की त्यात दिसणाऱ्या खुणांवरून, तपासायचं आहे. ती फेलोशिप मिळाली. वाचनकक्षात त्या पानांखाली उजेडाची पातळ पाटी सरकवली, तेव्हा शाई आणि अक्षर तेच, पण जलचिन्ह निराळं! त्या एका क्षणासाठी पुन्हा दहा अर्ज लिहायची माझी तयारी आहे.

शिफारसपत्र देणाऱ्यांना प्रस्तावाचा मसुदा आणि मागितलेल्या प्रतींची यादी निदान महिनाभर आधी पाठवा. नुसतं ‘हुशार आणि कष्टाळू’ असं पत्र समितीच्या फारसं उपयोगी पडत नाही.

निवड झाली की पहिल्या आठवड्याच्या पेट्या निघण्याआधीच मागवून ठेवा. काही साठा दुसऱ्या इमारतीत असतो आणि तो यायला दिवस लागतात. वाचनकक्षात शाईचं पेन चालत नाही, पेन्सिल न्या. पांढऱ्या हातमोज्यांची सहसा गरज नसते, उलट त्यांनी पानाची कड फाटायची भीती. हात स्वच्छ आणि कोरडे हवेत. पुस्तक फोमच्या उतारावर टेकवायचं, सपाट दाबायचं नाही. फोल्डरमधल्या कागदांचा क्रम चुकलेला वाटला तरी स्वतः लावू नका, ग्रंथपालांना सांगा.

आणि फोटो काढताना प्रत्येक फोल्डरचा पहिला फोटो त्याच्या लेबलचा घ्या. घरी परतल्यावर शेकडो फोटोंमधून कुठलं पत्र कुठल्या पेटीतलं, हे त्यावरूनच लागतं.