४२९४९६७२९७ मूळ संख्या आहे का? तपासताना या चुका टाळा

४२९४९६७२९७ म्हणजे २ चा ३२ वा घात अधिक १. या साच्यातल्या (२ चा घात १, २, ४, ८, १६ असा दुप्पट होत जातो, त्यात १ मिळवायचा) ३, ५, १७, २५७, ६५५३७ या पहिल्या पाचही मूळ निघाल्या, म्हणून फर्मा या फ्रेंच गणितज्ञाला १६४० च्या सुमारास वाटलं की पुढच्याही सगळ्या तशाच असणार, आणि मग १७३२ मध्ये ऑयलर या स्विस गणितज्ञाने सहावीचे, म्हणजे हिचेच, अवयव पाडले: ६४१ × ६७००४१७. मोठ्या संख्या तपासायला शिकताय ना, मग हीच घ्या, फार सुंदर संख्या आहे.

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे शाळेतल्या कसोट्या लावून मोकळं होणं. शेवटी ७, अंकांची बेरीज ५९, म्हणजे २, ३, ५ गेले, ७, ११, १३ ने पण भाग जात नाही, मग मूळच असेल! असं नाही चालत, वर्गमूळापर्यंत जावंच लागतं आणि ते इथे ६५५३६ च्या जरासं पुढे आहे. हाताने कोण करणार एवढं? पण ऑयलरने सिद्ध केलं की हिचा कुठलाही मूळ विभाजक ६४ च्या पटीत १ मिळवूनच येतो, मग उरतात १९३, २५७, ४४९, ५७७ आणि लगेच ६४१. पाचव्या भागाकारात काम झालं, मला तर हे आजही भारी वाटतं.

६४१ मिळाला की थांबू नका, ६७००४१७ पण तपासायचाय. इथे बरेच जण परत ६५५३६ पर्यंत जातात, गरज नाही, आता ६७००४१७ चं वर्गमूळ घ्यायचं, म्हणजे मर्यादा २५८८. पुढे लुकास या फ्रेंच गणितज्ञाने ऑयलरच्या नियमातल्या ६४ चे १२८ केले, त्यामुळे (२५७ आधीच बघून झाला) ६४१, ७६९, ११५३, १४०९ एवढेच बघायचे, एकानेही भाग जात नाही, म्हणजे तो मूळ.

कोड लिहिताय आणि उत्तर विचित्र येतंय? आधी डेटा टाइप बघा. ३२ बिटच्या इंटमध्ये (पूर्णांकाच्या डेटा टाइपमध्ये) ही संख्या मावत नाही, गुंडाळून थेट १ होते आणि प्रोग्राम बिचारा १ चे अवयव शोधत बसतो. ६४ बिट घेतलं तरी घात काढताना २ च्या ३२ व्या घाताचा वर्ग केला की २ चा ६४ वा घात येतो, तो अनसाइन्डमध्येही (उणे संख्या न ठेवणाऱ्या टाइपमध्येही) मावत नाही, शून्य होतो. पायथॉनमध्ये हा त्रास नाही.

आणि फर्माची कसोटी (पायाचा, संख्येपेक्षा १ ने कमी एवढा घात काढून त्या संख्येने भागायचं, बाकी १ आली तर पास) फक्त पाया २ घेऊन लावू नका. ही संख्या त्यात आरामात पास होते, कारण २ चा ३२ वा घात हिने भागल्यावरच्या बाकीच्या हिशोबात उणे १ आहे, मग ६४ वा घात १, आणि संख्येतून १ वजा केला की ६४ ची पटच उरते. पाया ३ घ्या, लगेच पकडली जाते.

विभाजक चारच: १, ६४१, ६७००४१७ आणि ती स्वतः. बेरीज ४३०१६६८३५६ यायला हवी, ६७०१०५९ आली तर समजा ती संख्या स्वतः धरायची राहिली, आणि १ आणि ती स्वतः दोन्ही सुटले तर ६७०१०५८ येते.